पापुद्र्याला कड असते : द्विमितीय अतिसंवाहक आणि ‘सांत’ आकाराचा प्रश्न

मराठीत ‘अनंत’ हा शब्द घरचा आहे. चतुर्दशीला तो आहे, परसातल्या पांढऱ्या सुवासिक फुलाला आहे, माणसांच्या नावांत आहे, आणि संतवाङ्मयात तर पावलोपावली आहे. त्याचा जोडीदार ‘सांत’ मात्र शाळेतल्या गणिताच्या पुस्तकाबाहेर फारसा भेटत नाही. सांत संच आणि अनंत संच, एवढ्यापुरता तो शिकवला जातो आणि परीक्षा झाली की विसरला जातो. अंतासह जो आहे तो सांत, इतकी साधी त्याची फोड. हा शब्द मला पुन्हा उपयोगी वाटू लागला तो भौतिकशास्त्रातल्या एका प्रश्नामुळे. या प्रश्नात सिद्धान्त मांडला गेला तो अनंत पसरलेल्या पदार्थासाठी आणि प्रयोग होतात ते अर्थातच सांत तुकड्यावर. या दोहोंमधले अंतर एरवी कुणी मनावर घेत नाही. इथे मात्र त्याने पुष्कळ जाणत्या लोकांना चकवले. म्हणून तो प्रश्न आपल्या भाषेत, साहित्याच्या वाचकालाही कळेल असा मांडून पाहावा, असे वाटले. परिभाषा शक्यतो विश्वकोशातली घेतली आहे. जिथे ती अडली तिथे सरळ वाक्य वापरले आहे.

सुरुवात १९११ पासून करायला हवी. नेदरलँड्समधल्या लायडन येथे कॅमरलिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये हेलियम वायू द्रवरूप केला होता. त्यामुळे केल्विन मापनातल्या चार अंशांच्या आसपास, म्हणजे उणे २६९ सेल्सिअसला, पदार्थ कसे वागतात हे पाहणे शक्य झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युत् रोध मोजला जात होता. ४.२ केल्विनजवळ तो एकदम नाहीसा झाला. कमी झाला असे नव्हे, मोजताच येईना. या गुणाला आपण अतिसंवाहकता म्हणतो. तिचे कारण समजायला १९५७ उजाडले. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवले, की इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहू लागतात आणि या साऱ्या जोड्या मिळून एकाच तरंगासारख्या वागतात.

हा ‘एकच तरंग’ डोळ्यांसमोर आणायचा तर असे करू. पदार्थाच्या प्रत्येक बिंदूवर एक छोटे घड्याळ आहे आणि त्याला एकच काटा आहे, अशी कल्पना करा. काट्याची दिशा म्हणजे तरंगाची त्या जागची कला. (इंग्रजीत तरंगाच्या या अवस्थेला आणि पदार्थाच्या घन-द्रव अशा अवस्थेला एकच शब्द आहे. मराठीने चंद्राच्या कलांवरून ‘कला’ आणि दुसऱ्या अर्थासाठी ‘प्रावस्था’ असे दोन वेगळे शब्द ठेवले आहेत. परिभाषाकारांवर आपण टीका पुष्कळ करतो, पण इथे त्यांना मानले पाहिजे. या विषयात दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात येतात आणि इंग्रजी वाचकाला दर वेळी अडखळावे लागते.) अतिसंवाहकात सगळे काटे एकाच दिशेला असतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना काटे हळूहळू, शिस्तीने वळत गेले, तर तोच विद्युत् प्रवाह. काट्यांची ही रचना जागच्या जागी टिकून आहे तोवर प्रवाह चालू राहतो आणि त्याला ढकलायला दाब लागत नाही. रोध शून्य असतो तो या अर्थाने.

आता पदार्थ पातळ करत जाऊ. ठोकळ्याचा पत्रा, पत्र्याचा वर्ख, वर्खाचा पापुद्रा. जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे काही मोजके अणुस्तर उरले, की काट्यांना जाडीच्या दिशेने वेगवेगळे वळायला वावच राहत नाही. पदार्थ व्यवहारात द्विमितीय होतो. इथे सिद्धान्ताने एक अडचण उभी केली होती. १९६६ मध्ये मर्मिन आणि वॅग्नर यांनी दोन मितींतल्या चुंबकांविषयी एक प्रमेय मांडले आणि लगोलग होहेनबर्ग यांनी त्याच धर्तीवर अतिसंवाहकांचा विचार केला. निष्कर्ष असा, की दोन मितींत उष्णतेच्या हेलकाव्यांनी काटे दूरवर जाता जाता एकमेकांची दिशा विसरतातच. शेजाऱ्याला शेजाऱ्याची खबर असते, पण अनंत अंतरावरच्याला नसते. मग पापुद्र्यात अतिसंवाहकता असूच नये, असे पुष्कळांना वाटले. प्रयोगात तर ती दिसत होती.

हा पेच सोडवला तो भोवऱ्यांनी. सोव्हिएत संघात बेरेझिन्स्की यांनी १९७१-७२ मध्ये आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे कॉस्टरलिट्झ आणि थाउलेस यांनी १९७२-७३ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. थाउलेस आणि कॉस्टरलिट्झ यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक हाल्डेन यांच्यासह मिळाले. बेरेझिन्स्की १९८० मध्येच वारले होते.

भोवरा या शब्दाला मराठीत तीन घरे आहेत. पाण्यातला, मुलांच्या हातातला आणि डोक्यावरच्या केसांतला. आपल्याला इथे तिसरा हवा. डोक्यावरचा भोवरा कितीही तेल लावून, कितीही विंचरून जात नाही. कंगवा फिरवून केस थोडे इकडे, थोडे तिकडे करता येतात, पण भोवऱ्याभोवती बोट फिरवत गेलात तर एका फेरीत केसांची दिशाही पूर्ण एक फेरी घेते. विंचरण्यासारख्या सलग क्रियेने ती एक फेरी शून्य फेरी होऊ शकत नाही. पापुद्र्यातल्या काट्यांचेही असेच. एखाद्या बिंदूभोवती फिरताना काटा पूर्ण वर्तुळ फिरला, तर तिथे भोवरा आहे. काटा उलट्या दिशेने फिरला, तर तो उलटा भोवरा. एकटा भोवरा मोडता येत नाही. मात्र सुलटा आणि उलटा जवळ आले की एकमेकांना मिटवतात, कारण दोहोंभोवती मिळून फिरलात तर फेऱ्यांची बेरीज शून्यच असते.

एकट्या भोवऱ्याची किंमत किती? त्याच्या केंद्रापासून दूर जावे तसतसे काटे कमी कमी वाकडे असतात, पण वाकडेपणा पापुद्र्याच्या कडेपर्यंत पोचतो. सगळी बेरीज केली तर ऊर्जा पापुद्र्याच्या आकाराच्या लॉगरिथमच्या प्रमाणात भरते. लॉगरिथम म्हणजे अतिशय मंद वाढ. आकार दहापट झाला की एक पायरी, शंभरपट झाला की दुसरी. दुसऱ्या बाजूला, भोवऱ्याला बसायला जागा किती आहेत, हाही विचार करावा लागतो. जागा जास्त, तर उष्णतेला त्याला कुठेतरी बसवणे सोपे. भौतिकशास्त्रज्ञ याला एंट्रॉपी म्हणतात, आणि तीही आकाराच्या लॉगरिथमच्याच प्रमाणात वाढते. कॉस्टरलिट्झ-थाउलेस यांच्या युक्तिवादाची सारी खुबी या समान वाढीत आहे. दोन्ही पारड्यांत एकाच जातीचे वजन असल्याने कौल आकारावर अवलंबून राहत नाही, फक्त तापमानावर राहतो. एका ठरावीक तापमानाच्या वर मोकळे भोवरे फायद्याचे, त्याच्या खाली तोट्याचे. खाली भोवरे असतात, पण सुलटा-उलटा असे जोडीने बांधलेले. लांबून पाहणाऱ्याला ती जोडी जवळजवळ दिसतच नाही. वर जोड्या सुटतात. या सुटण्यालाच त्या तिघांच्या नावाचे प्रावस्था-संक्रमण म्हणतात. १९७८ मध्ये बिशप आणि रेपी यांनी हेलियमच्या पातळ थरावर त्याचा ठळक पुरावा दिला, आणि १९७९ मध्ये अतिसंवाहक पापुद्र्यांतही हे घडू शकेल, असे बीस्ले, मूय आणि ऑर्लांडो यांनी मांडले.

या भोवऱ्यांचा विजेशी संबंध असा. पापुद्र्यातून प्रवाह सोडला की तो प्रत्येक भोवऱ्याला प्रवाहाच्या काटकोनात ढकलतो, सुलट्याला एका कडेकडे आणि उलट्याला दुसऱ्या कडेकडे. एक भोवरा पापुद्रा ओलांडून पलीकडे गेला, की दोन टोकांमधल्या काट्यांच्या फरकात एक पूर्ण फेरी निसटते. फेऱ्या निसटत राहिल्या, की दोन टोकांमध्ये दाब निर्माण होतो. तेव्हा अतिसंवाहक पापुद्र्यातला रोध म्हणजे दुसरे काही नाही, कडेकडे चालत जाणारे भोवरे. मोकळे भोवरे असतील तर प्रवाहाच्या सरळ प्रमाणात दाब, म्हणजे शाळेतला ओहमचा नियम. मोकळे भोवरे नसतील तर?

तर प्रवाहच ते मोकळे करतो, पण कष्टाने. बांधलेल्या जोडीत दोघांची ओढ अंतर वाढले की कमी होत जाते. प्रवाहाचा धक्का मात्र अंतर कितीही असो, तेवढाच राहतो. म्हणजे कुठल्यातरी अंतरावर धक्का ओढीवर मात करणारच. प्रवाह मोठा असेल तर ते अंतर लहान. प्रवाह दहापट कमी केला तर ते अंतर दहापट मोठे. जोडीला तिथपर्यंत पोचवायचे काम उष्णतेच्या योगायोगावर सोपवलेले असते आणि अंतर जितके मोठे तितका तो योगायोग विरळ. हिशेब केला तर दाब हा प्रवाहाच्या एका घाताच्या प्रमाणात येतो. संक्रमणाच्या तापमानाला तो घातांक नेमका ३ असतो. थंड करत गेले की वाढत जातो आणि संक्रमणाच्या वर एकदम १ होतो. घातांक ३ म्हणजे प्रवाह दहापट कमी केला तर दाब हजारपट कमी. इथे ‘शून्य रोध’ या शब्दांचा अर्थ बदलतो, हे लक्षात घ्यावे. पापुद्र्यात कुठल्याही प्रत्यक्ष प्रवाहाला रोध अगदी शून्य नसतो. प्रवाह शून्याकडे नेला तर रोध शून्याकडे जातो, इतकेच सिद्धान्ताचे म्हणणे आहे.

आणि इथेच कड आडवी येते. प्रवाह कमी करत गेलो की जोडी सुटण्याचे ते अंतर वाढत जाते. वाढता वाढता ते पापुद्र्याच्या रुंदीएवढे होते. त्यापुढे प्रवाह आणखी कमी केला, तरी अंतर आणखी वाढायला जागाच नाही. जोडीतला एक भोवरा कडेवरून बाहेर पडू शकतो, किंवा कडेवरून एकटाच आत शिरू शकतो. एकट्या भोवऱ्याची किंमत आकाराच्या लॉगरिथमएवढी असल्याचे वर म्हटले. अनंत पापुद्र्यात ती अनंत होती, सांत पापुद्र्यात ती सांत आहे, आणि लॉगरिथम मंद असल्यामुळे फार मोठीही नाही. उष्णता ती अधूनमधून परवडवून घेते. म्हणून अगदी थंडीतही थोडे मोकळे भोवरे शिल्लक राहतात, आणि फार लहान प्रवाहाला पापुद्रा पुन्हा ओहमचा नियम पाळू लागतो. रोध बारीक असतो, पण प्रवाह कितीही कमी केला तरी तो हटत नाही.

सांत आकाराचे परिणाम भौतिकशास्त्राला नवे नाहीत. बर्फ वितळण्यापासून लोखंडाचे चुंबकत्व जाण्यापर्यंत कुठल्याही संक्रमणात ते असतात. मात्र तिथे ते संक्रमणाच्या ऐन तापमानाच्या आसपासच त्रास देतात. जरा दूर गेले की पदार्थाची स्वतःची एक फूटपट्टी असते. किती अंतरापर्यंत एका कणाची खबर दुसऱ्याला असते, ते अंतर. नमुना त्या फूटपट्टीहून पुष्कळ मोठा असला की झाले, तो व्यवहारात अनंतच. द्विमितीय अतिसंवाहकाचा विशेष असा, की संक्रमणाच्या खाली, कुठल्याही तापमानाला, त्याच्याकडे अशी फूटपट्टीच नाही. काट्यांची एकमेकांविषयीची आठवण हळूहळू पुसट होत जाते, पण अमुक अंतराला ती संपली असे म्हणता येत नाही. पदार्थाकडे स्वतःचे माप नसले की एकच माप उरते : नमुना कापणाऱ्याने तो जेवढा कापला ते. म्हणून इथे कडेचा परिणाम थंड करून टळत नाही. प्रत्येक तापमानाला तो आपल्या वेगळ्या घातांकानिशी हजर असतो.

आकार वाढवून तो टळतो का? टळतो, पण लॉगरिथमच्या गतीने. चुंबकांच्या याच जातीच्या एका प्रतिकृतीविषयी ब्रॅमवेल आणि होल्ड्सवर्थ यांनी १९९४ मध्ये हिशेब मांडला. मर्मिन-वॅग्नर यांचे प्रमेय प्रत्यक्षात जाणवायला नमुना टेक्सास राज्याहून मोठा लागेल, अशा आशयाचा त्यांचा शेरा या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. टेक्सास महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे. प्रयोगशाळेतले पापुद्रे काही मिलिमीटरांचे किंवा त्याहूनही लहान असतात.

शिवाय दुसरी एक कड असते, ती डोळ्यांना दिसत नाही. भोवरा विद्युत्-भारित द्रवातला असल्याने त्याच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र येते, आणि हे क्षेत्र ठरावीक अंतरापलीकडे भोवऱ्याचा प्रभाव झाकून टाकते. पातळ पापुद्र्यासाठी हे अंतर पर्ल यांनी १९६४ मध्ये काढले. जाड पदार्थात चुंबकीय क्षेत्र जितके खोल शिरते त्या खोलीच्या वर्गाची दुप्पट घ्यायची आणि तिला पापुद्र्याच्या जाडीने भागायचे. खोली १५० नॅनोमीटर आणि जाडी १.२ नॅनोमीटर धरली, तर उत्तर येते ३७,५०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा सव्वीसावा-सत्ताविसावा भाग, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. इतक्या अंतराबाहेर भोवरे एकमेकांना लॉगरिथमच्या नियमाने ओढत नाहीत. म्हणजे नमुना सेंटिमीटरभर असला, तरी भोवऱ्यांच्या दृष्टीने जग केसाएवढेच. रुंदी आणि पर्लचे अंतर यांपैकी जे लहान, तोच खरा आकार.

वरच्या उदाहरणातले आकडे हवेतले नाहीत. १९८७ मध्ये सापडलेल्या, ९० केल्विनच्या वरही अतिसंवाहक राहणाऱ्या इट्रियम-बेरियम-तांबे-ऑक्साइडच्या स्फटिकात एका घटक-पेशीची उंची साधारण १.२ नॅनोमीटर असते. अमेरिकेतल्या मेरिलंड विद्यापीठातल्या गटाने नेमका एका पेशीएवढा जाड पापुद्रा तयार केला आणि १९९६ मध्ये त्याची मोजमापे प्रसिद्ध केली. रेपासी हे त्या लेखाचे पहिले लेखक. दोन्ही अक्षांवर दहादहाच्या पटींनी खुणा असलेल्या आलेखावर प्रवाह आडवा आणि दाब उभा मांडला, तर घातांकाचा नियम सरळ रेषेसारखा दिसतो आणि तिचा चढ हाच घातांक. या पापुद्र्याच्या रेषा मोठ्या प्रवाहाला चांगल्या चढ्या होत्या. लहान प्रवाहाकडे येताना मात्र त्या वाकत आणि ओहमच्या चढाला, म्हणजे १ ला, येऊन मिळत. अपेक्षित संक्रमणाच्या पुष्कळ खालच्या तापमानालाही हे घडत होते. लेखकांनी सरळ म्हटले, की या पापुद्र्यात कॉस्टरलिट्झ-थाउलेस संक्रमण खऱ्या अर्थाने नाहीच. आकार सांत असल्याने मोकळे भोवरे नेहमीच आहेत.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण १९९९ मध्ये पियर्सन आणि सहकाऱ्यांनी हीच आणि इतर प्रयोगांची जुनी मोजमापे पुन्हा हाती घेतली. वेगवेगळ्या तापमानांच्या वक्ररेषा योग्य प्रमाणात ताणून-आखडून एकमेकींवर बसवायच्या, आणि त्या नीट बसल्या की ताणण्याच्या प्रमाणावरून संक्रमणाचे आकडे वाचायचे, ही पद्धत भौतिकशास्त्रात मानाची आहे. तिच्यातून त्यांना भोवऱ्यांच्या गतीचा एक घातांक मिळाला, ५.६. रूढ सिद्धान्तात हा घातांक २ आहे. २ चा अर्थ असा, की दुप्पट अंतर जायला चौपट वेळ, दारूड्याच्या झिंगत्या चालीसारखा. ५.६ चा अर्थ दुप्पट अंतराला जवळपास ४९ पट वेळ. दाब-प्रवाहाच्या भाषेत सांगायचे, तर संक्रमणाच्या ठिकाणी चढ ३ नाही, साडेसहाहून जास्त. आणि हे एकाच पदार्थात नाही, तर अतिसंवाहक पापुद्रे, अतिसंवाहक सांध्यांची जाळी आणि अतिद्रव हेलियम या साऱ्यांत. दावा खरा ठरता, तर पंचवीस वर्षे शिकवला गेलेला सिद्धान्त गतीच्या बाबतीत चुकीचा ठरला असता.

याला उत्तर दोन ठिकाणांहून आले. स्वीडनमधल्या उमेओ येथील मेदवेदयेवा, किम आणि मिनहागन यांनी २००० मध्ये संगणकावर लहान लहान जाळ्या चालवल्या. या जाळीचा आकार आपणच ठरवलेला असतो, त्यामुळे कडेचा परिणाम वेगळा काढून दाखवता येतो. लहान जाळ्यांच्या दाब-प्रवाह रेषा रेपासी यांच्या रेषांसारख्याच वाकल्या. या जाळ्यांना तर कडही नव्हती. डाव्या बाजूने बाहेर पडलेला भोवरा उजवीकडून आत येईल, अशी त्यांची रचना होती. तरीही आकार सांत असणे एवढेच पुरेसे होते. त्यांनी प्रत्येक तापमानाला आकाराचा वेगळा घातांक धरला, वर म्हटलेल्या फूटपट्टी नसण्याशी जुळेल असा, आणि मेरिलंडच्या मोजमापांतला काही भाग या सांत आकाराच्या हिशेबात बसत असल्याचे दाखवले.

दुसरे उत्तर मेरिलंडहूनच आले आणि मला ते अधिक बोचरे वाटते. स्ट्रॅचन, लॉब आणि न्यूरॉक यांनी २००३ मध्ये त्या मानाच्या पद्धतीवरच बोट ठेवले. रेषा एकमेकींवर बसल्या, हा पुरावा वाटतो तेवढा कडक नाही. ताणण्याची दोन-तीन मापे हातात असली आणि मोजमापाची खिडकी अरुंद असली, तर एकाहून अधिक घातांकांनी त्या तितक्याच सुबक बसवता येतात. एका वेगळ्या कामात, २००१ मध्ये, या गटाने सोपी कसोटी सुचवली होती. खरे संक्रमण असेल तर त्याच्या वरच्या आणि तेवढ्याच खालच्या तापमानाच्या रेषा एकाच प्रवाहाला विरुद्ध बाजूंना वाकल्या पाहिजेत. एक ओहमच्या नियमाकडे, तर दुसरी शून्य रोधाकडे. साऱ्याच रेषा एकाच बाजूला वाकत असतील, तर ज्या रेषेला आपण ‘संक्रमण’ म्हणून बोट लावतो, ती बहुधा केवळ अशी रेषा असते, जिचे वाकणे आपल्या उपकरणाच्या दृष्टीआड गेले आहे. प्रयोगशाळेतले चांगले उपकरण नॅनोव्होल्टपर्यंत पाहते. घातांक ३ असो की ६, दाब इतक्या वेगाने घटतो की प्रवाह थोडा कमी करताच आपण तळ गाठतो. वरच्या बाजूला प्रवाह फार वाढवला तर पापुद्रा तापतो. मधली खिडकी तेवढी खरी, आणि ती किती अरुंद आहे, हे सरळ दिसणाऱ्या रेषेत लपून जाते.

साहित्याच्या अभ्यासात आकडे नसतात म्हणून आपण सुटतो असे नाही. एखाद्या प्रांतातून हाती आलेल्या बारा हस्तलिखितांवरून त्या बोलीचे व्याकरण लिहिणाऱ्याला हा फास ओळखीचा वाटेल. पण तो विषय वेगळा.

वाद वीस वर्षांपूर्वीचा असला तरी विषय शिळा नाही, कारण ‘घातांक ३’ आज प्रमाणपत्रासारखा वापरला जातो. २००७ मध्ये दोन निरोधक ऑक्साइडांच्या सांध्यावर २०० मिलिकेल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सापडली, तेव्हा ती द्विमितीय असल्याची साक्ष म्हणून दाब-प्रवाहाचा चढ ३ ला पोचतो कुठे, हे पाहिले गेले. २०१८ मध्ये ग्रॅफीनचे दोन पदर एकमेकांवर १.१ अंशाने फिरवून ठेवल्यावर अतिसंवाहकता मिळाली. तिथेही हीच कसोटी लावून संक्रमणाचे तापमान १ केल्विनच्या आसपास सांगितले गेले. या शोधांविषयी शंका घेण्याचे कारण नाही, त्यांच्या बाजूने इतर पुरावे आहेत. पण असे नमुने फार लहान असतात. इतक्या लहान जगात चढ कुठल्या तापमानाला ३ दिसला, यावरून संक्रमणाचे नेमके तापमान सांगणे फार धीटपणाचे आहे. चढ १ पासून वाढत जाताना तो केव्हातरी ३ ओलांडणारच. सिद्धान्त एकदम उडी सांगतो, आणि प्रयोगात दिसतो तो चढता रस्ता.

या रस्त्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काम उल्लेखनीय आहे. नायोबियम नायट्राइडच्या काही नॅनोमीटर जाड पापुद्र्यांवर तिथल्या गटाने इटलीतल्या सहकाऱ्यांसह काम केले आणि २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पापुद्र्याला दोन टोकांना तारा जोडून दाब मोजण्यावर ते थांबले नाहीत. पापुद्र्याच्या दोन बाजूंना दोन बारीक वेटोळी ठेवायची, एकातल्या बदलत्या प्रवाहाचा परिणाम दुसऱ्यापर्यंत किती पोचतो ते पाहायचे, आणि त्यावरून चुंबकीय क्षेत्र किती खोल शिरते ते काढायचे, अशीही मोजणी त्यांनी केली. त्यांचा निष्कर्ष असा, की उडी बोथट होण्यात भोवऱ्याच्या गाभ्याची किंमत आणि पापुद्र्यातला ठिकठिकाणचा असमानपणा यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे आकार वाढवून कडेपासून सुटका करावी, तर मोठ्या पापुद्र्यात असमानपणा वाढण्याची भीती, असा हा दुहेरी पेच आहे.

याच नायोबियम नायट्राइडच्या, सुमारे १०० नॅनोमीटर रुंद अशा नागमोडी पट्ट्या प्रकाशाचा एकेक कण मोजायला वापरतात. अंधारात ठेवलेल्या अशा पट्टीतही अधूनमधून, प्रकाश नसताना, एखादी खोटी टिकटिक होते. पट्टी आडवी ओलांडून जाणारा भोवरा हे तिचे एक मुख्य कारण मानले जाते. तिथे कड हा त्रास नसून रोजचा व्यवहार आहे, आणि पट्टी किती रुंद ठेवायची हे तिच्याकडे पाहूनच ठरते.

आता प्रयोग करणाऱ्याने काय करावे? एक उपाय साधा आहे आणि त्याला मोठ्या गणिताची गरज नाही. एकाच पापुद्र्यातून वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या कापायच्या आणि रेषा ओहमकडे वाकू लागते तो प्रवाह प्रत्येक पट्टीत टिपायचा. वर सांगितलेला हिशेब पुढे नेला, तर असे निघते, की वाकण्याचे कारण पट्टीची रुंदी असेल तर त्या जागचा एकूण प्रवाह सगळ्या पट्ट्यांत जवळपास सारखाच यावा. ४ केल्विनच्या आसपास संक्रमण असलेल्या पापुद्र्यासाठी ढोबळ मानाने तो एका मायक्रोअँपिअरच्या दहाव्या भागाच्या घरात येतो. पट्टी रुंद करावी तसा तोच प्रवाह जास्त जागेत पसरतो, म्हणजे दर मिलिमीटरमागे तो पातळ होतो. उलट, पट्ट्या बदलल्या तरी दर मिलिमीटरमागचा प्रवाह तोच राहिला, तर वाकण्याचे मूळ पट्टीच्या कडेत नाही. ते पर्लच्या त्या अदृश्य कडेत आहे, किंवा पापुद्रा अजून संक्रमणाच्या वरच आहे. या दोन शक्यतांमध्ये निवड करायची तर मग जाडी बदलून पाहावी लागते.